घामाचा पुरावा : ओझिल आणि आर्सेनलचे दुभंगलेले चाहते

मेसूत ओझिल हा जर्मन फुटबॉलपटू जानेवारी २०२१ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबमधून बाहेर पडला आणि मार्च २०२३ मध्ये त्याने खेळातूनच निवृत्ती घेतली. एवढा काळ लोटला, तरी आर्सेनलच्या दोन चाहत्यांसमोर त्याचे नाव काढावे, की वाद पेटलाच म्हणून समजावे. एकाच्या लेखी तो क्लबचा पैसा घेऊन मैदानात येरझारा घालणारा आळशी माणूस. दुसऱ्याच्या लेखी तो कलावंत, ज्याला संघाने आधी ओळखले नाही आणि मग अन्यायाने दूर सारले. मध्ये उभे राहायला जागा नाही.

साहित्य शिकवणाऱ्यांनी या वादात कशाला पडावे, असे कोणी विचारील. आमच्या मते हा वाद मूलतः मूल्यमापनाचा आहे. समोर घडलेली कृती पाहायची आणि तिच्यावरून कर्त्याच्या अंतःकरणाविषयी निकाल द्यायचा, ही सवय समीक्षेच्या क्षेत्रात काही नवी नाही. कवितेत हुंदका ऐकू आला नाही म्हणून कवी कोरडा, कादंबरीत संताप दिसला नाही म्हणून लेखकाला समाजाची चाड नाही, असे निवाडे आपण वर्गात ऐकतो आणि परीक्षणांतून वाचतो. फुटबॉलच्या प्रेक्षागारात तीच प्रवृत्ती साठ हजार तोंडांनी बोलते, म्हणून ती तेथे अधिक स्पष्ट दिसते, इतकेच.

प्रथम वस्तुस्थिती. ओझिलचा जन्म १९८८ चा, जर्मनीतील गेल्सेनकिर्शेन या खाणकामगारांच्या शहरातला. त्याचे आजोबा तुर्कस्तानातून कामासाठी जर्मनीत आले होते. शाल्के, वेर्डर ब्रेमेन आणि रेआल माद्रिद असा प्रवास करून तो २ सप्टेंबर २०१३ रोजी, खेळाडूंच्या खरेदीविक्रीच्या अखेरच्या दिवशी, आर्सेनलमध्ये दाखल झाला. त्याच्यासाठी मोजलेले सुमारे सव्वाचार कोटी पौंड ही क्लबच्या इतिहासातील तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. आर्सेनलने २००५ नंतर एकही मोठा चषक जिंकला नव्हता. नवे मैदान बांधण्याच्या कर्जात काटकसर करून दिवस काढलेल्या चाहत्यांना हे आगमन म्हणजे दारिद्र्य संपल्याची द्वाही वाटली. पहिल्याच मोसमाच्या शेवटी, मे २०१४ मध्ये, एफ. ए. चषक आला, पुढे २०१५ आणि २०१७ मध्येही आला. २०१४ च्या उन्हाळ्यात तो जर्मनीबरोबर विश्वविजेता झाला. आर्सेनलसाठी तो एकूण २५४ सामने खेळला आणि त्याने ४४ गोल केले.

ही आकडेवारी अपयशाची नाही. मग इतके वैर कशातून उपजले? त्यासाठी त्याच्या खेळाची जात समजून घ्यायला हवी. ओझिल मधल्या आणि आघाडीच्या फळीच्या सांध्यावर खेळणारा. गोल करण्यापेक्षा गोल घडवणे हे त्याचे काम. चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वीच कोणता सहकारी कोणत्या पोकळीत शिरणार आहे हे त्याला ठाऊक असे, आणि मग पायाच्या एका हलक्या स्पर्शाने चेंडू तेथे पोहोचलेला असे. उत्तम पास देणाऱ्याची गंमत अशी, की त्याचे कर्तृत्व दुसऱ्याच्या पायावर पूर्ण होते. सहकाऱ्याने गोल चुकवला, तर पासही विस्मरणात जातो. २०१५-१६ च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये त्याच्या पासवरून १९ गोल झाले. तिएरी आंरीने २००२-०३ मध्ये केलेल्या २० च्या विक्रमापेक्षा हे केवळ एकाने कमी. त्या वर्षी आर्सेनल लेस्टरच्या मागे दुसऱ्या स्थानावर राहिला.

पण त्याचा खेळ बघवत असतानाही त्याचे रूप अनेकांना बघवत नसे. खांदे किंचित झुकलेले, मोठे डोळे कुठेतरी हरवलेले, चेंडू गमावला तर हात पसरून थांबणे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध घरच्या मैदानावर त्याची पेनल्टी मानुएल नॉयरने अडवली आणि आर्सेनल तो सामना हरला. पेनल्टी तर भलेभले चुकवतात. मात्र त्यानंतर टीका झाली ती फटक्यापेक्षा चेहऱ्यावर अधिक. तो खचला, त्याला पर्वा नाही, त्याला इंग्लंडचा गारठा सोसत नाही, असे अर्थ त्या चेहऱ्यातून काढले गेले.

येथे भरताच्या नाट्यशास्त्रातील परिभाषा आठवल्यावाचून राहत नाही. रंगभूमीवर स्थायीभाव प्रत्यक्ष दिसत नाही; तो अनुभावांतून प्रतीत होतो. आठ सात्त्विक भावांपैकी एक तर ‘स्वेद’, म्हणजे घाम, हाच आहे. इंग्रजी फुटबॉलच्या प्रेक्षागाराचे सौंदर्यशास्त्र बरेचसे असेच आहे. घसरत जाऊन हिसकावलेला चेंडू, आवळलेल्या मुठी, चिखलाने माखलेला सदरा, गोल झाल्यावर छातीवरच्या बोधचिन्हाचे घेतलेले चुंबन हे सारे क्लबविषयीच्या निष्ठेचे अनुभाव. प्रेक्षक ते पाहतो आणि निष्ठेची खात्री करून घेतो. ओझिलपाशी हे अनुभाव नव्हते, किंवा फारच क्षीण होते. तेव्हा अनुभाव नाही म्हणजे भावही नाही, असा निष्कर्ष निघाला.

या अनुमानात एक मूलभूत घोटाळा आहे. भरताचा नियम नटासाठी आहे. नटाचे कामच भाव दाखवणे हे असते. खेळाडूचे काम खेळणे. एखादा खेळाडू किती अंतर धावला हे आज यंत्राने मोजता येते. त्याने किती संधी निर्माण केल्या, किती वेळा चेंडू गमावला, हेही मोजता येते. तरीही ‘तो आळशी आहे’ असे म्हणणारा क्वचितच त्या मोजमापाकडे जातो. त्याला पुरावा हवा असतो तो घामाचा, आणि घाम दिसायला हवा असतो. सुतार रंधा मारताना कण्हत नाही म्हणून त्याने केलेले दार वाकडे ठरवावे, तसलाच हा न्याय.

मग हा न्याय परक्यालाच लावला जातो काय? येथे सावध राहिले पाहिजे. आर्सेनलचा चाहता परकीय खेळाडूंना विटलेला नाही. उलट त्याचा सुवर्णकाळ परकीयांनीच घडवला. १४ फेब्रुवारी २००५ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध आर्सेन व्हेंगर यांनी निवडलेल्या सोळा जणांत एकही ब्रिटिश खेळाडू नव्हता, आणि तो सामना आर्सेनलने ५-१ असा जिंकला. डच खेळाडू डेनिस बर्गकॅम्प १९९५ मध्ये आला, तेव्हा पहिल्या सात सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नव्हता. वृत्तपत्रांनी त्याची टर उडवली. आज त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे. तेव्हा ‘परका म्हणून नाकारला’ हे साधे स्पष्टीकरण येथे पुरे पडत नाही.

आळशीपणाचा आरोपही केवळ परक्यांवर होतो असे नाही. साउदॅम्प्टनचा मॅट ले टिसिए हा असाच निवांत चालणारा, अद्भुत गोल करणारा खेळाडू होता. त्याच्यावरही हाच शिक्का बसला आणि इंग्लंडच्या संघाकडून तो केवळ आठ सामने खेळला. पण त्याच्या स्वतःच्या क्लबच्या चाहत्यांनी मात्र त्याला देवपद दिले. १९८६ पासून २००२ पर्यंत तो तेथेच राहिला. त्याची संथ चाल हा घरचा लाडका दोष झाला. आपल्याकडे लेक उशिरा उठली तर ‘दमली असेल’ आणि सून उशिरा उठली तर ‘आळशी आहे’ असे म्हणणारी घरे अजून आहेत. दोघींच्या झोपेत फरक नसतो. लेकीचे घराशी नाते गृहीत असते, सुनेला ते रोज सिद्ध करावे लागते. परक्या खेळाडूची अवस्था या सुनेसारखी असते. त्याला दारातून आत घेतात, ओवाळूनही घेतात. परंतु त्याची खराब वेळ आली, की त्याच्या निष्ठेचा हिशेब पहिल्यापासून मांडला जातो.

ओझिलच्या बाबतीत हा हिशेब दोन घरांत मांडला गेला. मे २०१८ मध्ये लंडनमध्ये तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्याबरोबर त्याने छायाचित्र काढून घेतले. जर्मनीत त्यावर गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात विश्वविजेता जर्मनी रशियातील विश्वचषकात मेक्सिको आणि दक्षिण कोरिया यांच्याकडून हरून पहिल्या फेरीतच बाद झाला आणि रोषाचा मोठा वाटा ओझिलच्या माथी आला. जुलैमध्ये त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. जिंकलो तर जर्मन आणि हरलो तर स्थलांतरित, अशा आशयाचे त्याचे उद्गार तेव्हा जगभर गाजले. ते छायाचित्र काढणे शहाणपणाचे होते असे आम्हांला वाटत नाही. एका सत्ताधीशाच्या शेजारी, त्याच्या निवडणुकीच्या तोंडावर उभे राहणे ही राजकीय कृती आहे, आणि तिच्यावर टीका करण्याचा अधिकार जर्मन नागरिकाला होताच. पण टीका त्या कृतीपाशी थांबली नाही. कोरियाविरुद्धच्या पराभवाचे कारण त्या छायाचित्रात शोधले गेले. कृती, खेळ आणि कूळ यांची अशी सरमिसळ झाली, की कोणत्या गोष्टीसाठी कोणती शिक्षा होते आहे हे कोणालाच सांगता येईना.

येथवर वाचून आम्ही ओझिलचे वकीलपत्र घेतले आहे असा समज होईल. तो दूर करायला हवा. त्याच्या समर्थकांनीही या वादाचे कमी नुकसान केलेले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्लबने त्याच्याशी २०२१ पर्यंतचा नवा करार केला. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार त्याचे वेतन आठवड्याला सुमारे साडेतीन लाख पौंड ठरले. अलेक्सिस सांचेझ नुकताच मँचेस्टर युनायटेडला गेला होता; आणखी एक मोठा खेळाडू हातचा जाऊ नये म्हणून क्लब घायकुतीला आला होता. त्यानंतर त्याचा खेळ उतरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९ गोल घडवणाऱ्या या खेळाडूच्या नावावर २०१८-१९ च्या लीगमध्ये अशी केवळ दोन साहाय्ये लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये लेस्टरविरुद्ध त्याने अप्रतिम खेळ केला. पण अशा संध्याकाळी विरळ होत गेल्या. व्हेंगर यांच्यानंतर आलेले उनाय एमेरी यांना चेंडू हिसकावण्यासाठी सतत दबाव टाकणारा संघ हवा होता, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये बोर्नमथविरुद्ध शारीरिक झुंजीचा सामना असल्याचे सांगून त्यांनी ओझिलला राखीव बाकावर बसवले. खेळाची रीतच बदलत होती. दहा जणांनी धावावे आणि एकाने पाहावे, ही चैन कोणत्याच मोठ्या संघाला परवडेनाशी झाली होती.

हे सारे मुद्दे खेळाचे आहेत आणि ते मांडणारा चाहता वंशद्वेष्टा ठरत नाही. परंतु समर्थकांच्या एका गटाने प्रत्येक टीकेला द्वेषाचे नाव दिले. ज्याला कला कळते त्याला ओझिल कळतो, ज्याला कळत नाही तो अडाणी, असाही एक उर्मट पंथ निघाला. साहित्यातही दुर्बोध कवीभोवती असा भक्तसंप्रदाय जमतो आणि कवीच्या सुमार रचनांचीही तरफदारी करत बसतो. त्याने कवीचे भले होत नाही. माणसाला परका म्हणून झोडपणे जसे अन्यायाचे, तसे परका म्हणून मोजमापातून सूट देणेही त्याचा एक प्रकारे अपमानच. दोन्ही ठिकाणी त्याचा खेळ कोणी पाहतच नसते.

यात पैशाने आणखी गुंता केला. वेतन जाहीर झाल्यापासून चाहता प्रत्येक पासची किंमत काढू लागला. तिकिटासाठी खिसा रिकामा करणाऱ्याला असा हिशेब करावासा वाटणे समजण्याजोगे आहे. तथापि वेतन देणारा क्लब असतो. बाजारभाव आणि क्लबची अगतिकता यांतून तो आकडा ठरतो. करार चुकला असेल तर तो करणाऱ्यांना जाब विचारायचा. ते राहिले बाजूला, आणि सही करणारा तेवढा चोर ठरला. एप्रिल २०२० मध्ये महासाथीच्या काळात आर्सेनलच्या खेळाडूंनी १२.५ टक्के वेतनकपात मान्य केली, तेव्हा ती न स्वीकारणाऱ्या मोजक्यांत ओझिल होता. त्याच्यावर स्वार्थीपणाचा आरोप झाला. ऑगस्टमध्ये क्लबने ५५ कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर गदा येणार असल्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबरमध्ये क्लबच्या डायनासोररूपी शुभंकराच्या वेषात वावरणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्याचे वेतन आपण देऊ, असे ओझिलने जाहीर केले. एका पक्षाला हा मनाचा मोठेपणा वाटला, दुसऱ्याला क्लबला दिलेला शालजोडीतला.

तत्पूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याने चीनमधील उइगुर मुसलमानांच्या छळाविरुद्ध जाहीरपणे लिहिले होते. क्लबने तत्काळ हे त्याचे वैयक्तिक मत असून आपण राजकारणापासून दूर असल्याचे सांगितले. चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने आर्सेनलचा मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना दाखवला नाही. पुढे ७ मार्च २०२० रोजी वेस्ट हॅमविरुद्ध त्याने अलेक्झांडर लाकाझेतच्या विजयी गोलसाठी डोक्याने चेंडू पुरवला. आर्सेनलसाठी तो त्याचा शेवटचा सामना ठरला. ऑक्टोबर २०२० मध्ये लीगच्या पंचवीस जणांच्या यादीतूनही त्याचे नाव गेले. व्यवस्थापक मिकेल आर्तेता यांनी निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि कारणे फुटबॉलचीच असल्याचे सांगितले. अनेक समर्थकांचा त्यावर आजही विश्वास नाही. आमच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी, की चाहत्यांनी उइगुरांच्या प्रश्नाचे मूल्यमापनसुद्धा आपापल्या जुन्या छावणीतून केले. जे त्याला कामचुकार म्हणत होते त्यांना यात कांगावा दिसला. जे त्याला कलावंत म्हणत होते त्यांना त्याची दोन वर्षांची उतरंड एका झटक्यात पुसली गेल्यासारखी वाटली. एक विधान सत्य की असत्य, हा प्रश्न ते करणाऱ्याच्या पासांवर अवलंबून राहिला. याहून शोचनीय काय असणार?

हे सर्व सातासमुद्रापलीकडचे आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. मुंबई-पुण्यातली कितीतरी मुले रात्र रात्र जागून हे सामने पाहतात. आर्सेनलचा लाल सदरा आमच्या महाविद्यालयांच्या आवारातही दिसतो. ही मुले क्लबचा उल्लेख ‘आपण’ असा करतात : आपण हरलो, आपण त्याला विकायला हवे होते. या ‘आपण’मध्ये काही वावगे नाही. निष्ठा पारपत्र विचारून जडत नाही. परंतु ज्या संघात प्रत्येक खेळाडू आपल्यासाठी परदेशीच आहे, त्यातल्या एकाला ही मुले लंडनच्या प्रेक्षागाराच्या शब्दांत ‘उपरा’ आणि ‘आळशी’ म्हणतात, तेव्हा आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहोत, हा प्रश्न त्यांना पडायला हवा. उद्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ती लंडनला किंवा म्युनिकला जातील. तेथे त्यांच्याही शांत चेहऱ्याचे अर्थ लावले जातील, आणि चांगले काम केले त्या दिवशी ती संस्थेची आणि चुकले त्या दिवशी परदेशी ठरतील.

तर मग चाहत्याने काय करावे? न्यायाधीशाचा झगा घालून शांत बसावे, अशी आमची अपेक्षा नाही. चाहता पक्षपाती असणारच. तसा नसेल तर तो केवळ प्रेक्षक. तो चिडेल, शिट्ट्या मारेल, खेळाडूला बसवा म्हणून ओरडेल. हा त्याचा अधिकार आहे आणि खेळाची रंगतही त्यातच आहे. आमचा आग्रह एवढाच, की ‘तो वाईट खेळला’ आणि ‘तो आपला नाही’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. पहिल्या वाक्याला पुरावा देता येतो, प्रतिवाद करता येतो, पुढच्या शनिवारी ते मागेही घेता येते. दुसऱ्या वाक्याला यांपैकी काहीच लागू होत नाही, कारण त्याचा पुरावा माणसाच्या चेहऱ्यात आणि नावात शोधला जातो, आणि या दोन्ही गोष्टी त्याला बदलता येत नाहीत.

ओझिलपुरते बोलायचे, तर आमचे मत असे : २०१६ पर्यंतचा ओझिल आर्सेनलच्या मोठ्या खेळाडूंच्या पंक्तीत बसणारा होता, २०१८ नंतरचा नव्हता, आणि नवा करार ही क्लबची चूक होती. यावर कोणाचे दुमत असल्यास त्याने जरूर मांडावे; मात्र मांडताना सामने, वर्षे आणि पास यांविषयी बोलावे. झुकलेल्या खांद्यांविषयी पुरेसे बोलून झाले आहे.